कळीच्या खनिजांचे संशोधन खान्देशातही व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट आणि दुर्मीळ मृदा धातू (ताकदवान चुंबकांना लागणारे निओडिमियम, डिस्प्रोसियम यांसारखे धातू) या कळीच्या, म्हणजे उद्योगांना अत्यावश्यक पण पुरवठा बेभरवशाचा असलेल्या खनिजांविषयीच्या बातम्या गेली दोन-तीन वर्षे आपल्या दैनिकात वरचेवर येत आहेत. अर्जेंटिनातील लिथियमचा करार, जम्मू-काश्मीरमधील रियासीचा साठा, चीनने घातलेले निर्यात निर्बंध आणि दिल्लीत मंजूर होणाऱ्या हजारो कोटींच्या योजना, असा या बातम्यांचा आशय असतो. त्या वाचून सर्वसाधारण वाचकाचा असा समज होतो की हा प्रश्न परराष्ट्र खात्याचा, खाण मंत्रालयाचा किंवा बड्या उद्योगसमूहांचा आहे आणि जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाने त्यात करण्यासारखे काही नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे आणि हा समज मला चुकीचा वाटतो. या खनिजांचा पुरवठा सुरक्षित करण्याच्या संशोधनातील काही कामे अशी आहेत की ती खान्देशात करणे सोयीचेच नव्हे तर अधिक योग्य आहे, आणि ती करण्याची वेळ हातातून निसटत चालली आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा हिशेब मांडला होता की पोलाद आणि ॲल्युमिनियम बाजूला ठेवले तर विजेवरच्या मोटारीला पेट्रोलच्या मोटारीपेक्षा सुमारे सहापट खनिजे लागतात, आणि जमिनीवरील पवनऊर्जा प्रकल्पाला तेवढ्याच क्षमतेच्या वायूवरील वीज केंद्राच्या नऊपट. हे आकडे ऐकून काही जण स्वच्छ ऊर्जेवरच शंका घेतात, ती मात्र बरोबर नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात आज जाळलेला कोळसा उद्या पुन्हा आणावा लागतो. पवनचक्कीतले तांबे किंवा बॅटरीतले लिथियम एकदा यंत्रात बसले की यंत्र चालेल तितकी वर्षे तिथेच राहते आणि यंत्र निकामी झाल्यावरही धातू म्हणून त्याचे मोल संपत नाही. या फरकावरच माझे पुढचे सगळे म्हणणे उभे आहे.

आयातीवर अवलंबून राहण्याचा अर्थ खान्देशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. केळीला पोटॅश भरपूर लागते आणि देशाला लागणारे जवळपास सगळे पोटॅश बाहेरून येते. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध आणि बेलारूसवरील निर्बंध यांमुळे जागतिक बाजार विस्कळीत झाला तेव्हा म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीसाठी सतराशे रुपये मोजल्याचे रावेर-यावलच्या बागायतदारांच्या लक्षात असेल. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० कळीच्या खनिजांची जी यादी जाहीर केली, तीत लिथियम आणि कोबाल्ट यांच्या रांगेत पोटॅश आणि फॉस्फरसही आहेत. म्हणजे या प्रश्नाची झळ आपल्या बांधापर्यंत आधीच पोहोचलेली आहे.

खाणी सापडल्या की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज जाहीर झाला तेव्हा भारत लिथियमबाबत स्वयंपूर्ण झाल्यासारखी चर्चा सुरू झाली होती. प्रत्यक्षात तो प्राथमिक पातळीवरचा अंदाज होता. साठा सापडल्यापासून खाणीतून पहिला माल बाहेर पडेपर्यंत जगभरात सरासरी सोळा वर्षांहून अधिक काळ जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खरी कोंडी बहुतेक वेळा खाणीत नसून खाणीनंतरच्या टप्प्यात असते. कोबाल्टच्या खाणी प्रामुख्याने काँगोत आहेत, निकेलच्या इंडोनेशियात, लिथियमच्या ऑस्ट्रेलिया व चिलीत; पण कोबाल्ट आणि लिथियमचा बराचसा माल शुद्धीकरणासाठी चीनकडे जातो, आणि दुर्मीळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणात तर चीनचा वाटा सुमारे नव्वद टक्के आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियम यांसह सात धातू आणि त्यांपासून बनलेली चुंबके परवान्याखाली आणली, तेव्हा काही आठवड्यांतच भारतातील वाहन उद्योगाला चुंबकांची टंचाई भासू लागली.

भारताजवळ कच्चा माल नाही अशातला भाग नाही. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट हे दुर्मीळ मृदा धातू असलेले खनिज आहे, आणि १९५० साली स्थापन झालेली आयआरईएल ही सरकारी कंपनी त्यावर प्रक्रिया करत आली आहे. अडचण अशी की हे धातू निसर्गात एकमेकांच्या सोबतीने आढळतात आणि रासायनिकदृष्ट्या इतके सारखे आहेत की त्यांना वेगळे करणे हे धातुशास्त्रातील अत्यंत चिकाटीच्या कामांपैकी एक आहे. बहुतेक सगळ्यांचे आयन तीन धनभारांचे आणि त्यांच्या आकारांतला फरक अगदी सूक्ष्म. आम्लात विरघळवलेले मिश्रण केरोसिनसारख्या द्रावकात मिसळलेल्या सेंद्रिय रसायनासोबत घुसळायचे, थर वेगळे होऊ द्यायचे, आणि हेच एकामागून एक शेकडो टप्प्यांतून करत राहायचे, तेव्हा कुठे निओडिमियम एका बाजूला आणि त्याचे शेजारी दुसऱ्या बाजूला होतात. त्यानंतर ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू, मिश्रधातूची भुकटी आणि ती भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून, भाजून चुंबक. यातील प्रत्येक पायरीला अनुभवी माणसे लागतात, आणि ती केवळ निधी मंजूर केल्याने तयार होत नाहीत. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्यामुळे हे काम अणुऊर्जा विभागाच्या देखरेखीखाली चालते, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियमसारखे जड धातू फारच कमी आहेत, हीदेखील अडचण आहेच.

सरकारने पावले उचलली आहेत आणि ती नोंदवली पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना आली. मिशनअंतर्गत संशोधनासाठी नऊ उत्कृष्टता केंद्रे निश्चित झाली असून त्यांत महाराष्ट्रातून आयआयटी मुंबई आहे. इथपर्यंत सगळे ठीक आहे. मात्र या सगळ्या रचनेत सौर पंप, पवनचक्क्या आणि बॅटऱ्या जिथे प्रत्यक्ष उभ्या आहेत, उन्हात तापत आहेत आणि मोडीत निघत आहेत, त्या जिल्ह्यांचा विचार कुठे दिसत नाही.

खान्देश काळ्या पाषाणावर वसला आहे. दख्खनच्या या बेसाल्टमध्ये लिथियम किंवा कोबाल्टची खाण निघेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे दुसरा साठा आहे आणि तो दरवर्षी वाढतो आहे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. तीनशे वॅटचा एक पॅनल धरला तरी तिथे चार लाखांहून अधिक पॅनल होतात, आणि पॅनलचे वजन वीस किलो धरले तर काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, तांबे, कथील आणि चांदी मिळून आठ हजार टनांहून अधिक साहित्य. पंचवीस वर्षांचे आयुष्य गृहीत धरले तर २०३८ च्या सुमारास ते सगळे उतरवावे लागेल. त्याच तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या माळावरील पवनचक्क्या तर त्याहून जुन्या आहेत. त्या पिढीतील बहुतेक पवनचक्क्यांत कायमचुंबक नाहीत, पण तांबे टनांनी आहे. जुन्या पवनचक्क्या बदलून नव्या उभारण्याचे केंद्राचे धोरण २०२३ मध्ये आले आहे. नव्या यंत्रांत गिअर नसलेले, थेट फिरणारे जनित्र निवडले गेले तर दर मेगावॅटमागे सुमारे सहाशे किलो चुंबके लागतील. आणि तिन्ही जिल्ह्यांच्या शेतशिवारांत पीएम-कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांतून बसलेले पंप आहेत, त्यांची संख्या तर रोज वाढते आहे.

या साठ्याचे पुढे काय होते, ते मी भुसावळ रस्त्यावरच्या एका भंगारच्या वखारीत उभा राहून पाहिले आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे मागचे चाक तिथे आले होते. चाकाच्या मध्यातच मोटर असते. कामगाराने झाकणाचे बोल्ट काढले, आतला तांब्याच्या वेटोळ्यांचा भाग जोर लावून ओढून काढला आणि छिन्नीने तांबे सोडवले. उरलेल्या कड्याच्या आतल्या बाजूला निकेलचा चकचकीत मुलामा दिलेल्या चुंबकाच्या लहान पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. ते कडे बाजूला पडलेल्या पत्र्याला असे चिकटले की पहारीने उचकटून काढावे लागले, आणि मग ते लोखंडाच्या ढिगावर गेले. मालकाला तांब्याचा, पितळेचा, ॲल्युमिनियमचा त्या दिवसाचा भाव तोंडपाठ होता. चुंबकाचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, “त्याला भाव कोण देणार? ते लोखंडातच जाते.” तो ढीग पुढे जालन्याच्या भट्टीकडे जातो. अशा चुंबकाच्या वजनात सुमारे तीस टक्के दुर्मीळ मृदा धातू असतात. भट्टीत त्यांचे ऑक्साइड होऊन ते धातुमळीत जातात आणि तिथून ते परत मिळवणे कोणाला परवडत नाही. जो धातू मिळावा म्हणून देश हजारो कोटी खर्चायला तयार आहे, तो आपण फुकट घालवतो आहोत, आणि यात त्या वखारवाल्याचा काही दोष नाही. चुंबक विकत घेणारा, तपासणारा आणि त्याचे मोल सांगणारा कोणी त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

जळगावच्या सराफ बाजारात कारागिराच्या बैठकीखालची धूळसुद्धा कोणी फेकत नाही. ती गोळा होते, धुतली जाते, गाळली जाते आणि तिच्यातून सोन्याचे कण परत मिळवले जातात. ही व्यवस्था कोणत्याही योजनेतून आलेली नाही. धुळीत किती सोने असू शकते याचा अंदाज आणि ते वेगळे काढण्याची रीत, या दोन गोष्टी माहीत असल्यामुळेच ती टिकली आहे. चुंबक, बॅटरी आणि सौर पॅनल यांच्याबाबत नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव आहे, आणि म्हणून पहिले संशोधन मोजणीचे असायला हवे. आपल्या तीन जिल्ह्यांत कोणत्या बनावटीचे किती पंप बसले, त्यांच्या मोटरी कोणत्या प्रकारच्या आहेत, त्यांत चुंबक आहे का, असल्यास निओडिमियमचे की साध्या फेराइटचे (लोहाच्या ऑक्साइडपासून बनणारे स्वस्त चुंबक), रस्त्यावरच्या दुचाकी आणि रिक्षांच्या बॅटऱ्यांत निकेल-कोबाल्ट आहे की लोह-फॉस्फेट आहे की जुने शिसे-आम्ल, याची एकत्र नोंद कुठेही ठेवली जात नाही. योजनेच्या कागदांत अश्वशक्ती आणि अनुदान लिहिलेले असते, आतल्या धातूंचा उल्लेख नसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्या एक्स-रे फ्लुओरेसन्सचे, म्हणजे क्ष-किरणांनी वस्तूतील मूलद्रव्ये ओळखणारे, हातात धरायचे उपकरण घेऊन गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत आणि वखारींत बसल्या, तर ही माहिती उभी राहील. (लिथियमसारखी हलकी मूलद्रव्ये त्या उपकरणाला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी नमुने प्रयोगशाळेत आणावे लागतील.) हे काम दिसायला साधे आहे, पण त्याशिवाय पुनर्वापराचा कारखाना किती क्षमतेचा हवा, कुठे हवा आणि कोणत्या रसायनांचा हवा, हे कोणालाही ठरवता येणार नाही.

पॅनलच्या बाबतीत परिस्थिती अधिक वाईट आहे. मे-जूनच्या वादळात रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा बांधावरचे सौर पॅनलही उडतात, फुटतात, आणि गारपिटीतही तडकतात. नुकसानीचा पंचनामा होतो, नवे पॅनल मिळेपर्यंत शेतकरी खेटे घालतो, आणि जुन्या पॅनलची ॲल्युमिनियमची चौकट व तांब्याची केबल तेवढी काढून बाकीची काच नाल्यात टाकली जाते. त्या काचेला सिलिकॉनचे घट आणि चांदीच्या रेषा चिकटलेल्या असतात, सौर काचेत अनेकदा अँटिमनी असते, आणि मागच्या आवरणात फ्लोरिन असल्यामुळे ती जाळली तर विषारी वायू निघतात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत सौर पॅनलचा समावेश आहे आणि २०३४-३५ पर्यंत निर्माण होणारा पॅनलचा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवावा असे म्हटले आहे. हा साठा कुठल्या गोदामात होतो आहे, हे खान्देशातील एकाही शेतकऱ्याला कोणी सांगितलेले मी ऐकलेले नाही. नियम असूनही पॅनल नाल्यात जात असेल तर निदान प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक संकलन केंद्र असावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

पुनर्वापराने आजची सगळी गरज भागेल असे माझे म्हणणे नाही. वापरात असलेली यंत्रे अजून मोडीत निघालेली नाहीत, मागणी मात्र वेगाने वाढते आहे, त्यामुळे काही काळ खाणींवर आणि आयातीवर विसंबावेच लागेल. म्हणून संशोधनाची दुसरी वाट तितकीच महत्त्वाची आहे, ती म्हणजे कळीचा धातू मुळात कमी लागेल किंवा लागणारच नाही असे साहित्य शोधण्याची. २०१० मध्ये चीनने जपानकडे जाणारा दुर्मीळ मृदा धातूंचा पुरवठा रोखला, तेव्हा जपानने ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसे गुंतवले, पण तेवढ्यावर न थांबता चुंबकातील डिस्प्रोसियम कमी करण्यावर तिथले संशोधक काम करत राहिले. २०१६ मध्ये होंडा आणि दाइदो स्टील यांनी जड दुर्मीळ मृदा धातू अजिबात नसलेले चुंबक हायब्रिड मोटारीच्या मोटरसाठी वापरात आणले.

आपल्यापुरता विचार केला तर विहिरीवरच्या पंपाची गोष्ट घ्यावी. निओडिमियमचे चुंबक वापरण्याचे मुख्य कारण लहान आकारात आणि कमी वजनात जास्त ताकद हे असते. स्कूटरला आणि मोटारीला त्याची गरज आहे, कारण त्यांना स्वतःचे वजन वाहून न्यायचे असते. विहिरीच्या काठावर किंवा पाण्यात एका जागी असलेला पंप पाच किलोने जड झाला तर शेतकऱ्याचे काही बिघडत नाही. इंडक्शन मोटर, फेराइटचे चुंबक वापरणारी मोटर किंवा चुंबकच नसलेली रिलक्टन्स मोटर यांची कार्यक्षमता निओडिमियमच्या मोटरच्या जवळ नेऊन ठेवणे, हे विद्युत अभियांत्रिकीच्या आपल्याकडील महाविद्यालयांच्या आवाक्यातले संशोधन आहे. कार्यक्षमता कमी पडली तर पॅनल जास्त लागतात, हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच याची काटेकोर मोजदाद व्हायला हवी. शासन हजारोंच्या संख्येने पंप खरेदी करते, त्यामुळे निविदेतील एक अट बाजारातील मोटरीची घडण बदलू शकते. ‘चुंबक कोणते वापरले हे नमूद करावे’ एवढी अट घालायला तर कोणतेही संशोधन लागत नाही. (केबलचोरांनी विहिरीवरची तांब्याची केबल कापून नेली नाही असे गाव आपल्याकडे सापडणे कठीण, कळीच्या खनिजांच्या यादीत तांबेही आहे, हे त्यांना ठाऊक नसले तरी भाव ठाऊक आहे.)

आपल्या उन्हाळ्याचाही इथे संबंध येतो. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांवर जातो. तापमान वाढले की निओडिमियमच्या चुंबकाची चुंबकत्व टिकवून धरण्याची क्षमता घटते आणि ती राखण्यासाठीच त्यात डिस्प्रोसियम मिसळावे लागते. लिथियम बॅटरीचे आयुष्यही उष्णतेने झपाट्याने कमी होते. म्हणजे थंड हवेच्या देशात दहा वर्षे टिकणारी बॅटरी इथे किती टिकते, वाहनातून काढलेली बॅटरी घरातल्या किंवा शेतातल्या वीज साठवणीसाठी आणखी किती वर्षे वापरता येते, कमी डिस्प्रोसियमची मोटर इथल्या उन्हात तग धरते का, या प्रश्नांची उत्तरे वातानुकूलित प्रयोगशाळेत पूर्णपणे मिळणार नाहीत. बॅटरी दोन वर्षे जास्त टिकली तर तेवढ्या काळापुरती नव्या लिथियमची गरज टळते, आणि पुरवठा सुरक्षित करण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला दिसत नाही. पन्नास-शंभर वापरलेल्या बॅटऱ्या आणि मोटरी सलग काही उन्हाळे खुल्या शेडमध्ये चालवून त्यांच्या नोंदी ठेवणारे चाचणी केंद्र जळगावात असावे, असे मला मनापासून वाटते.

तिसरी वाट केळी आणि कापसाशी जोडलेली आहे. लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या बॅटरीवर जगभर काम चालू आहे. पुण्यातील केपीआयटी कंपनीने २०२३ च्या अखेरीस असे तंत्रज्ञान जाहीर केले आहे. सोडियम मिठातून मिळतो, त्यामुळे त्याची टंचाई होण्याचे कारण नाही. लिथियम बॅटरीतील ग्रॅफाइट, ज्याच्या शुद्धीकरणातही चीनचेच वर्चस्व आहे आणि ज्याच्या निर्यातीवर २०२३ च्या डिसेंबरपासून परवान्याचे बंधन आले, सोडियमसाठी मात्र चालत नाही. त्याच्या जागी वेड्यावाकड्या थरांचा, सूक्ष्म पोकळ्या असलेला कठीण कार्बन लागतो, आणि तो शेतातील टाकाऊ पदार्थ हवेविना तापवून बनवता येतो. केळीच्या सालीपासून असा कार्बन करून तो सोडियम आणि लिथियम अशा दोन्ही बॅटऱ्यांत चालतो, हे कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले आहे. आपल्याकडे घड उतरवल्यावर केळीची खोडे बांधावर कुजतात आणि कापूस संपल्यावर पऱ्हाटी उपटून पेटवून दिली जाते. केळीच्या खोडात पाणी फार आणि राखेत पोटॅश भरपूर, त्यामुळे कार्बन शुद्ध करण्याआधी ते धुऊन काढावे लागेल. पऱ्हाटी कोरडी असली तरी तिच्यातही राख आहेच. कोणत्या तपमानाला, किती वेळ आणि कोणत्या पूर्वप्रक्रियेने बॅटरीच्या दर्जाचा कार्बन मिळतो, आणि धुऊन काढलेले पोटॅश पुन्हा शेताला देता येते का, हा पीएचडीच्या कितीतरी विद्यार्थ्यांना पुरेल एवढा विषय आहे. यातून उद्याच कारखाना उभा राहील असे आश्वासन कोणी देऊ नये, प्रयोगशाळेतील काही ग्रॅम आणि कारखान्यातील काही टन यांत मोठे अंतर असते; पण कच्चा माल दाराशी असलेल्यांनीच हा प्रयत्न केला नाही तर दुसरे कोण करणार?

एवढे मोठे काम जिल्ह्याच्या ठिकाणी कसे होईल, असे कोणी विचारेल. अमेरिकेने २०१० च्या टंचाईतून धडा घेऊन २०१३ मध्ये कळीच्या पदार्थांच्या संशोधनासाठी जी राष्ट्रीय संस्था काढली, ती आयोवा राज्यातील एम्झ येथील प्रयोगशाळेत. आयोवा हे मका आणि सोयाबीन पिकवणारे राज्य आहे आणि एम्झ हे तिथल्या राज्य विद्यापीठाचे गाव. दुर्मीळ मृदा धातू वेगळे करण्याचे काम तिथे १९४० च्या दशकापासून चालत आले होते, म्हणून संस्था तिथे गेली. पुरवठ्याचे नवे मार्ग, पर्यायी पदार्थ आणि पुनर्वापर या तिन्ही दिशांनी विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कंपन्या तिच्यामार्फत एकत्र काम करतात. आपल्याकडे तसा वारसा नाही, हे मान्य. पण १९९० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायनशास्त्राची प्रशाळा आहे, रसायन तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे, आणि जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर येथे अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय मिशनमधील उत्कृष्टता केंद्रांची रचनाच अशी आहे की मुख्य केंद्राने उद्योग आणि संशोधन-शिक्षण क्षेत्रातील संस्थांना भागीदार म्हणून जोडून घ्यावे. आपल्या विद्यापीठाने आयआयटी मुंबईकडे भागीदारीचा प्रस्ताव पाठवावा, आणि त्यात मोजणी, उष्ण हवामानातील चाचणी व शेतकचऱ्यापासूनचा कार्बन हे तीन विषय आपले म्हणून मांडावेत, अशी माझी कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेला विनंती आहे.

उद्योजकांसाठीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १,५०० कोटींच्या पुनर्वापर योजनेतील एक-तृतीयांश रक्कम लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखून ठेवली आहे. मात्र बॅटरी दळून काळी भुकटी करून विकणाऱ्याला या योजनेचा लाभ नाही. प्रत्यक्ष धातू किंवा त्याचे शुद्ध क्षार वेगळे काढणाऱ्यालाच तो मिळणार आहे. ही अट योग्य आहे, कारण भुकटी परदेशी गेली तर धातूही गेले. पण भुकटीतून लिथियम, निकेल आणि कोबाल्ट वेगळे काढायचे म्हणजे आम्ले, द्रावके आणि सांडपाणी आले. गिरणा आणि वाघूरच्या पाण्यावर आपली शहरे जगतात. मागच्या अंगणात आम्लाच्या टाक्या ठेवून किंवा शिसे वितळवून चालणारा धंदा मुलांच्या रक्तात विष घालतो, तसला पुनर्वापर नको. सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था आणि तिची स्वतंत्र तपासणी, हे मान्य असेल तरच परवानगी द्यावी. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत निकेल-कोबाल्ट नसल्यामुळे त्यांतून मिळणारा पैसा कमी असतो आणि त्या मोडणाऱ्याला तोटा होण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी स्वस्त आणि कमी आम्ल लागणारी पद्धत शोधणे हेही इथल्या रसायन अभियंत्यांपुढचे आव्हान आहे. चुंबकांबाबत मार्ग थोडा सोपा आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने विकसित केलेल्या पद्धतीत हायड्रोजन वायूच्या संपर्कात आलेले निओडिमियमचे चुंबक आपोआप भुगा होऊन सुटते, आणि तो भुगा पुन्हा चुंबक बनवायला वापरता येतो.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीपूर्वी आपल्या लोकप्रतिनिधींनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक तालुक्यात फुटलेले पॅनल आणि निकामी बॅटऱ्या स्वीकारणारे संकलन केंद्र असावे, तिथे माल आणून देणाऱ्या शेतकऱ्याला आणि भंगारवाल्याला पावती व ठरलेला दर मिळावा, आणि सौर पंपांच्या नव्या निविदांत मोटरीतील चुंबकाचा प्रकार व बॅटरी असल्यास तिचे रसायन लिहून देणे पुरवठादाराला बंधनकारक करावे. यांपैकी शेवटच्या गोष्टीला एक रुपयाचाही खर्च नाही, आणि ती येत्या हंगामातील पंपांपासूनच लागू करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
जळगाव